मावळातील न्यायव्यवस्था
पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात न्यायदानाची झालेली वाटचाल. मराठेशाहीत कुरवंड्यासारख्या घाटमाथ्यावरील गावांचे वतनाचे व जमिनीचे तंटे पाटील, देशमुख, देशपांडे आणि बलुतेदार यांच्या गोतसभेपुढे निघत. निवाड्याचा महजर लिहून त्यावर हजर मंडळींच्या निशाण्या होत. कुणब्याची निशाणी नांगराची. सामान्य रयतेची साक्ष कागदावर अशी उमटावी, हे या पद्धतीचे मोठेपण होय. पेशवाईत पुण्यास मुख्य न्यायाधीश असे. या पदावरील रामशास्त्री प्रभुणे यांनी पेशवे नारायणरावांच्या खुनाबद्दल (१७७३) रघुनाथरावांना दोषी ठरवून पद सोडले.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पंचायती चालू ठेवल्या. पण सक्तीचा अधिकार नसल्याने त्या मागे पडल्या. १८२७ च्या नियमावलीने व पुढे १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय अधिनियमाने जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखालील दिवाणी न्यायाधीश अशी उतरंड बसवली. मुंबई उच्च न्यायालय १८६२ पासून आहे. फौजदारी न्यायदान महसुली अधिकाऱ्यांकडून पूर्णपणे काढण्यास मात्र स्वातंत्र्य यावे लागले.

आज तालुक्याचे न्यायालय वडगाव मावळ येथे आहे. लोणावळा परिसरात जमिनींना भाव आल्यापासून वाटणी, वहिवाट व कुळकायद्याचे वाद महत्त्वाचे ठरले आहेत.