5,650 तास शिल्लक

पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र. समजा, धरणाखाली नदीकाठी पाण्याची पातळी पाहून भोंगा वाजवणारं एक यंत्र बसवलं. त्याला वीज देतो 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा फ्लायबॅक एसएमपीएस. प्रसंग कल्पित आहे, हिशेब खरा.

5,650 तास शिल्लक. 1 जानेवारी
आउटपुटला एकच कपॅसिटर: 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट, 105 अंशांना 2,000 तास आयुष्य. निवडताना फॅरड आणि व्होल्ट पाहिले, रिपल करंट, म्हणजे कपॅसिटरमधून सतत आत-बाहेर होणारा प्रवाह, पाहिला नाही. डायोड निम्मा वेळच चालतो, म्हणून सरासरी 2 अँपिअरसाठी 8 अँपिअरचे त्रिकोणी झटके येतात. त्यांचा आरएमएस 3.27 अँपिअर. त्यातून डीसीचा वाटा वर्गांच्या वजाबाकीनं काढला, की कपॅसिटरच्या वाट्याला 2.58 अँपिअर येतात, म्हणजे लोडपेक्षाही जास्त. डेटाशीटची मर्यादा आहे 1.3. करंट दुप्पट, म्हणून उष्णता चौपट.

3,490 तास. 1 एप्रिल
पत्र्याच्या बंद डब्यात, तापलेल्या डायोडशेजारी हवा सरासरी 75 अंश धरू. मर्यादेतल्या रिपलनं गाभा 5 अंश तापला असता, इथे तो 20 अंश तापतो. गाभा 95 अंशांवर. डेटाशीटच्या 2,000 तासांत मर्यादेतल्या रिपलचे 5 अंश आधीच धरलेले असतात, आणि दर 10 अंशांना आयुष्य निम्मं होतं; म्हणून एकूण 5,650 तास. आतलं इलेक्ट्रोलाइट सुकत चाललंय.

1,882 तास. 7 जून
मृगाचा पाऊस तोंडावर. चाचणीत भोंगा वाजतो, सगळे निश्चिंत. ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मात्र चढतोय.

48 तास. 22 ऑगस्ट
ईएसआर 50 मिलिओहमवरून 150 वर गेला. 8 अँपिअरच्या प्रत्येक झटक्याला 0.4 व्होल्टऐवजी 1.2 व्होल्टची उडी. यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं. मीटर लावला तर 12 व्होल्टच दिसतात, कारण मीटर सरासरी दाखवतो. दोष मोबाइल नेटवर्कला दिला जातो, यंत्रातलं सिमकार्ड बदललं जातं.

1 तास. 24 ऑगस्ट, सकाळ
कपॅसिटरमध्ये आता 0.33ऐवजी 1 वॉट उष्णता. जितका तापतो तितकं इलेक्ट्रोलाइट सुकून ईएसआर वाढतो, आणि ईएसआर वाढला की आणखी तापतो. टोपी फुगली.

शून्य
टोपीवरची खाच फाटते. ऐन पुराच्या दिवसांत भोंगा मुका.

हे टाळायला तसाच दुसरा कपॅसिटर समांतर जोडला असता तरी पुरलं असतं. प्रत्येकाला 1.29 अँपिअर, गाभा 80 अंश, आयुष्य सुमारे 16,000 तास, म्हणजे पावणेदोन वर्षांहून जास्त. लो-ईएसआर प्रकार घेऊन तो डायोडपासून दूर बसवला, तर त्याहूनही जास्त. मात्र मर्यादा 100 किलोहर्ट्झची आहे की 120 हर्ट्झची, हे डेटाशीटमध्ये नीट पाहा. ज्या यंत्रावर माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याचा कपॅसिटर आधी रिपल करंटवर निवडायचा, फॅरड त्यानंतर.