वाचा-भाषा उपचार, बालकांचे

जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना बोलणे, भाषा समजणे, आवाज, बोलण्यातला ओघ आणि काही वेळा चावणे-गिळणे यांत येणारी अडचण ओळखून तिच्यावर केले जाणारे पद्धतशीर प्रयत्न. बोलण्यात ‘स्पीच थेरपी’ हेच नाव रूढ आहे. उच्चाराची अडचण आणि भाषेची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांना ‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाची भाषा उत्तम असू शकते. उलट टीव्हीवरची जाहिरात स्वच्छ म्हणून दाखवणाऱ्या, पण ‘तुझी चप्पल आण’ हे न कळणाऱ्या मुलाची अडचण अधिक खोल असते.

पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास येतो. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी शब्दांची जोडणी सुरू होते आणि चौथ्या वर्षी मुलाचे बहुतेक बोलणे परक्यालाही कळते. सगळी मुले एका चालीने बोलायला लागत नाहीत. तरी दोन वर्षे उलटूनही शब्द जोडले जात नसतील, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर तपासणी लांबवू नये. ‘याचे बाबाही उशिरा बोलले’, ‘जीभ जड आहे’ असे म्हणण्यात अनेक घरांत मोलाचा काळ जातो. वेखंड मधात उगाळून चाटवल्याने वाचा येत नाही. शिवाय वर्षाच्या आतील बाळाला मध धोक्याचा असतो.

सर्वांत आधी श्रवणचाचणी हवी. दार आपटले की मूल दचकते, म्हणून त्याला नीट ऐकू येते असे घरच्यांना वाटते. पण अंशतः बहिरेपणात मोठे आवाज कानी येतात आणि ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनी निसटतात. आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी ओएई ही तपासणी नवजात बाळाचीही काही मिनिटांत होते. आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी बेरा चाचणी मूल झोपलेले असताना करतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार हा या क्षेत्रातला मान्य दंडक आहे. ऐकणे ठीक असेल, तर स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात, दुभंगलेली टाळू यांचा विचार होतो. अनेक मुलांमध्ये असे काहीच सापडत नाही, तरी भाषा मागे राहते. इंग्लंडमधील सरे परगण्यात शाळेत नव्याने आलेल्या मुलांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के आढळले.

लहान मुलाचा उपचार खेळातून चालतो. तज्ज्ञ जमिनीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीला बसतात. साबणाचे फुगे उडवतात, मग बाटलीला झाकण लावून गप्प राहतात. मूल बाटलीकडे पाहते, मग तज्ज्ञांकडे, हात पुढे करून ‘अँ’ म्हणते. त्याच क्षणी ‘अजून! अजून फुगे!’ असे म्हणत झाकण उघडले जाते. मागण्याची गरज निर्माण करणे, वाट पाहणे आणि गरजेच्या क्षणी शब्द पुरवणे, एवढी ही कृती. शेजारी बसलेल्या आईबाबांच्या तोंडून मात्र ‘बोल ना, हे काय आहे सांग’ निघतच असते. ते थांबवायला शिकवणे हा उपचाराचा गाभा आहे, कारण आठवड्यातली पाऊण तासाची बैठक मूल बोलते करू शकत नाही. आंघोळ घालताना, भाजी निवडताना, जिना चढताना घरचे कसे बोलतात यावर बरेच अवलंबून असते. मूल ‘गाडी’ म्हणाले की परीक्षा न घेता ‘हो, लाल गाडी’, ‘गाडी गेली’ असे एक पाऊल पुढचे बोलावे. कॅनडात १९७५ साली आयला हॅनन मनोलसन यांनी सुरू केलेला हॅनन कार्यक्रम पालकांच्या अशाच प्रशिक्षणावर उभा आहे.

उच्चारांचे काम त्याहून बारीक असते. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलापुढे कार आणि तार अशी दोन चित्रे ठेवतात. मूल कार मागते, उच्चार ‘तार’ होतो आणि हातात तारेचे चित्र पडते. आपल्या बोलण्यातला फरक त्याला तिथे स्वतःच जाणवतो. ‘र’, ‘ळ’ हे उशिरा बसणारे ध्वनी आहेत. चार वर्षांच्या मुलाने रस्त्याला ‘लस्ता’ म्हटले तर धास्तावू नये. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, तोही आजार नव्हे.

घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले, तेव्हा मराठी बंद करा, असा सल्ला आजही दिला जातो. तो चुकीचा आणि मुलाचे नुकसान करणारा आहे. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही. आजी-आजोबा ज्या भाषेत सहज बोलतात ती काढून घेतली, तर मुलाशी बोलणारी माणसेच कमी होतात.

ज्यांना बोलणे फार अवघड जाते अशा मुलांसाठी चित्रफलक आणि आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’सारखी अॅप वापरतात. चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, ही भीती निराधार आहे.

भारतात या विषयाचे शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, मुंबईच्या नायर रुग्णालयातील अभ्यासक्रम १९६६चा, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची. व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बंधनकारक आहे; पालकांनी ती जरूर विचारावी. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. भाषाविलंब व श्रवणदोष त्यात येतात आणि पुढील उपचारासाठी मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (‘डीईआयसी’) पाठवतात. तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या आईचा एका फेरीत दिवसाचा रोजगार बुडतो. त्यामुळे काही तज्ज्ञ प्रत्यक्ष भेटी कमी ठेवतात आणि मधल्या काळात घरच्या जेवणाचा, खेळाचा मोबाइलवरचा व्हिडिओ मागवून घरच्यांना पुढची सूचना देतात.