चढणीच्या माशांची शिरगणती

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळून ओहोळांना गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि खाचरांचे बांध ओलांडून ते पाणी नदीला मिळू लागले, की डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडील पाड्यांतून जो तो कामट्यांचा सापळा, पाग, काहीच नसल्यास घरातली टोपली घेऊन पाण्याच्या कडेला जातो. कारण अंडी घालण्यास उथळ जागा शोधीत प्रवाहाविरुद्ध निघालेले वलगणीचे मासे ह्याच चार-दोन दिवसांत हाती लागतात. किती चढले, किती धरले गेले आणि किती निसटून वर गेले, ह्याची नोंद ठेवण्याचा रिवाज मात्र आपल्याकडे नाही.

असा रिवाज जेथे आहे त्या अलास्कात ही शिरगणती आज अनेक नद्यांवर ध्वनीच्या साह्याने होते. तिची कुळी शोधू गेल्यास मूळ पुरुष सापडतात ते 1826 साली जिनिव्हाच्या सरोवरात: कोलाडाँ आणि स्टुर्म ह्या जोडीने एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवून व त्याच क्षणी दारूचा भडका उडवून, दूरच्या दुसऱ्या होडीत तो नाद किती वेळाने पोहोचतो हे मोजले, आणि पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे 1,435 मीटर, म्हणजे हवेतल्याच्या चौपटीहून अधिक, ठरविला. पुढे 1912 साली टायटॅनिक बुडाली, महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजांचा फडशा पाडला, आणि हिमनग व पाणबुडी हुडकण्याच्या निकडीतून, लांजव्हँ ह्या फ्रेंच पदार्थविज्ञाच्या स्फटिकातून, प्रतिध्वनीचे यंत्र सिद्ध झाले. नॉर्वेच्या ओस्कार सुंड ह्याने 1935 साली त्याच यंत्राने कॉड माशांचे थवे कागदावर उमटविले. आपल्या किनाऱ्यावरील यांत्रिक होड्यांत तांडेलासमोर जो फिश फाइंडर दिसतो, तो ह्याच घराण्यातला. त्याचा उपयोग मासा धरण्यासाठी. अलास्कातील त्याच्या भावाची नेमणूक न धरलेला मासा मोजण्यासाठी झाली.

तेथील स्वच्छ नद्यांवर काठाशी मनोरे उभारून, तळाशी पांढरे पट्टे अंथरून, माणूस दर तासास दहा मिनिटे वरून जाणारे सॅमन मोजतो व त्यावरून तासाचा अदमास बांधतो. हिमनदीच्या गाळाने दुधाळ झालेल्या केनायसारख्या नदीत ही युक्ती लंगडी पडली. तेव्हा तेथील मत्स्यखात्याने बेंडिक्स ह्या कंपनीकडून मोजणीयंत्र करवून घेतले, आणि 1968 पासून केनायवर ध्वनीची मोजणी सुरू झाली. सॅमन चढताना मधल्या ओढीचा प्रवाह टाळून काठ धरून पोहतो, ही त्याची सवय यंत्राच्या पथ्यावर पडली. काठावरून आडवा ध्वनिझोत टाकला की जाणारा मासा त्यात सापडे. मासा रेंगाळला तर मात्र एकाचे दोन मोजले जात, म्हणून कारकुनास पडद्यावर प्रतिध्वनी न्याहाळून यंत्राची गती वेळोवेळी जुळवावी लागे.

वॉशिंग्टन विद्यापीठात नौदलासाठी घडविलेले डिडसन हे ध्वनियंत्र 2000 नंतर नद्यांवर आले, आणि 96 बारीक झोतांतून सोनोग्राफीसारखे हलते चित्र मिळू लागल्याने माशाची लांबीदेखील मोजता आली. ते तासन् तास पाहून डोळे शिणविण्याचे काम अलीकडे संगणकास शिकविले जात आहे. रात्री-अपरात्री पडदा पाहून दप्तर भरणाऱ्या तरुण मदतनिसांना हा निरोप समारंभ कितपत रुचला असेल, ह्याची कल्पना कोणाही जुन्या कारकुनास करता येईल.

परंतु यंत्रापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो त्यामागील अंमल. बीजासाठी वर गेलेल्यांची संख्या ठरलेल्या मर्यादेस पोहोचली नाही, तर खाली मासेमारी बंद. पुरेसे चढले, की परवानगी: असा हुकूम तेथे हंगामात वारंवार निघतो. आपला हुकूम तारखेने निघतो. 1 जून ते 31 जुलै ही बंदी समुद्रातील यांत्रिक होड्यांस लागू आहे. ओहोळावर टोपली घेऊन बसलेल्याशी तिचा संबंध नाही. नद्यांपुरता एक जुना कायदा आहे, आणि पाण्यात सुरुंग उडविण्यास व विष कालविण्यास त्यात सक्त मनाई आहे. पण किती मासे वर जाऊ द्यावेत ह्याविषयी त्यात अवाक्षर नाही.

मग एखादे डिडसन आणून सूर्या नदीच्या काठी बसवावे काय? वलगणीचा मासा बहुधा वीतभर, पुष्कळदा बोटभरच, पाणी गुडघाभर, त्यात फेसाचे बुडबुडे, पालापाचोळा आणि वाहून आलेली काटकी, आणि बुडबुडेही ध्वनीला मोठ्याने उत्तर देतात. शिवाय अनेक जातींचे मासे एकाच गर्दीत चढतात, त्यांना नुसत्या लांबीवरून कसे वेगळे करणार? येथे पहिला जमाखर्च कामट्यांच्या सापळ्यानेच मांडावा लागेल: ओहोळात तो ठरावीक वेळ लावावा, जातवार मासे मोजावेत आणि सापळ्याच्या वरच्या अंगाला सोडून द्यावेत. सोडून द्यावेत हे कलम पाड्यावर मंजूर व्हायचे, तर वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या कालवणाची भरपाई कोण करणार, हे आधी ठरवावे लागेल. आणि जेथे नदीवर धामणीचे किंवा कुर्झ्याचे धरण आहे, तेथे सापळा भिंतीच्या खालीच लावावा लागेल.