दोषाचा हिशेब

नवराबायकोच्या ताटातुटीचा विषय फराळाच्या ताटाशेजारी शोभत नाही, असे कुणी म्हणेल. पण मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परस्त्री किंवा परपुरुष कथेत शिरला की कथानक कसे आपोआप धावू लागते, हे मला ठाऊक आहे. न्यायालयांतही दीर्घकाळ हाच प्रकार चालला होता. पुढे कायद्याने या पात्राला रंगभूमीवरून खाली उतरवले. ते का उतरवले आणि ते खरोखरच गेले काय, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इंग्लंडात १८५७ साली घटस्फोटाचा कायदा झाला, तेव्हा पार्लमेंटने दोन तराजू वापरले. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीची सुटका होई. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग किंवा तसलाच आणखी एखादा अपराध दाखवावा लागे. हा पंक्तिप्रपंच १९२३ साली मिटला खरा, पण सुटकेचे मुख्य दार व्यभिचार हेच राहिले. मग ज्यांचे पटत नव्हते, पण ज्यांच्या हातून पाप घडले नव्हते, त्यांनी काय करावे? त्यांनी पापाचे नाटक केले! गृहस्थ पैसे देऊन आणलेल्या बाईबरोबर हॉटेलात खोली घेई, सकाळी चहा आणणारी मोलकरीण दोघांना पाही आणि तीच पुढे साक्षीला उभी राही. नवराबायकोचे संगनमत उघडकीस आले, तर मात्र घटस्फोट नामंजूर. ए. पी. हर्बर्ट या लेखकाने १९३४ साली कादंबरी लिहून या ढोंगाची टर उडवली आणि पार्लमेंटात जाऊन १९३७ चा सुधारलेला कायदा घडवून आणला. माझ्या व्यवसायबंधूचा हा पराक्रम मला अभिमानाचा वाटतो.

अमेरिकेत हे ढोंग मुळातूनच उपटले ते कॅलिफोर्नियाने. १९६९ साली तिथले गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली; ते स्वतःही घटस्फोटित होते. १ जानेवारी १९७० पासून न मिटणारा बेबनाव एवढे कारण पुरेसे झाले. दोष कुणाचा, हे विचारणेच बंद!

पण वाचकहो, येथे एका बाजूचे पारडे हलके झाले. पूर्वी बाहेरख्याली नवऱ्याला सुटका हवी असली, तर निर्दोष बायकोची मनधरणी करावी लागे. व्यभिचार शाबीत झाल्यास न्यायाधीश तिला मिळकतीचा अर्ध्याहून मोठा वाटा देऊ शकत. नव्या कायद्याने वाटणी निम्मी-निम्मी केली आणि तिच्या हातचे हत्यार गेले. घटस्फोटानंतर बायकांचे राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरते, असे लेनोर वाइट्झमन यांनी १९८५ साली लिहिले, तेव्हा खळबळ उडाली. १९९६ साली त्याच माहितीची फेरतपासणी झाली आणि आकडा २७ टक्के निघाला. २७ टक्के तरी कुठे थोडे?

समोरच्या दाराने गेलेला व्यभिचार मागच्या दाराने परतला, तो हिशेबाच्या वहीतून. दोघांच्या सामाईक पैशातून नवऱ्याने प्रेयसीला दागिने घेतले असतील, तर तो खर्च वाटणीच्या वेळी त्याच्याकडून भरून मागता येतो. न्यायालय पाप मोजत नाही, पैसे मोजते. इंग्लंडनेही ६ एप्रिल २०२२ पासून दोषारोपाची पद्धत बंद केली.

आपल्याकडे काडीमोडीची चाल कित्येक जातींत जुनीच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती रूढी मोडली नाही. १९७६ साली परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा रद्द केला, तरी घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे.

मला वाटते, विश्वासघाताचे दुःख मोजण्याचे माप कोणत्याही न्यायाधीशाजवळ नाही, आणि ते त्याच्याकडे मागूही नये. मात्र संसारात घातलेल्या वर्षांची किंमत बाईच्या पदरात पडते की नाही, एवढे त्याने डोळ्यांत तेल घालून पाहावे. दोष विसरणारा कायदा उदार खरा. पण त्याने कष्टही विसरले, तर तो न्याय कसला?