गंगाराम तांबट आणि वेल्सचें शिष्यत्व

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इ. स. १७९१ त मुंबईस उतरला व पुढील वर्षीं पुण्यास आला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या तसबिरी काढिल्या. श्रीमंत व नाना यांचें १७९२ चें एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. शनिवारवाड्यांत एतद्देशीयांस चित्रकला शिकविण्याची सोयही याच सुमारास झाली. त्यावरून पुण्याचा चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यास ‘वेल्सचा शिष्य’ म्हणण्याचा प्रघात पडला. तो कितपत साधार आहे, हें येथें पाहूं.

पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें काढलेलें चित्र अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयांत आहे. तें नोव्हेंबर १७९० चें आहे. म्हणजे वेल्सचें पाऊल हिंदुस्थानांत पडण्यापूर्वींचें. सबब गंगाराम हा वेल्सच्या हाताखालीं प्रथमच कुंचला धरणारा विद्यार्थी नसून आधींच हात बसलेला चित्रकार होता, हें उघड आहे. वेल्सपासून त्यानें कांहींच घेतलें नाहीं, असा मात्र आमचा आग्रह नाहीं. काय घेतलें हें ठरवावयाचें तर १७९१ पूर्वींचीं व नंतरचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं पाहिजेत. केवळ छायाप्रकाश दिसला कीं तो गुरूचा, आणि रेषा दिसली कीं ती शिष्याची, अशी वांटणी करणें हें प्रमाण नव्हे.

गंगारामानें मॅलेटसाठीं वेरूळच्या लेण्यांचींही चित्रें काढिलीं. वेल्सनेंही तेथें काम केलें. पैकीं वेल्सच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल यानें १८०३ त चोवीस देखावे छापून प्रसिद्ध केले. त्यामुळें युरोपांत एक नांव गाजलें, दुसरें दप्तरांत राहिलें. पुढें मॅलेटनें १७९९ त वेल्सच्या कन्येशीं विवाह केल्यामुळें दोघांचे कागद एकाच घराण्यांत एकत्र आले. अशा ठिकाणीं कर्तृत्वाची गल्लत होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

प्रसिद्ध चित्र म्हणजे विश्वसनीय पुरावा, असेंही समजूं नये. १७९० च्या तहाचा पेशवे दरबार दाखविणारें मोठें चित्र डॅनियलनें १८०५ त पुरें केलें. त्या दरबारीं तो स्वतः नव्हता, व ज्याच्या रेखनांचा त्यानें आधार घेतला तो वेल्सही नव्हता. वेल्स तर सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर अल्पावधींतच, नोव्हेंबर १७९५ मध्यें वारला होता. म्हणून त्या चित्रांतील चेहरे प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखनांवर आधारलेले मानावे; प्रसंगाची मांडणी मात्र रचलेली समजावी. उलट गंगारामाचा गेंडा लहान असला तरी प्रसंगाच्या जागीं व त्याच काळीं वावरणाऱ्याच्या हातचा आहे. बखर आणि समकालीन पत्र यांत आपण जो भेद करितों, तोच येथेंही केला पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, जुनें चित्र रुमालांतून सोडवून चौकटींत बसवितांना पाठीवरचा मजकूर, तारीख व सोबतचे कागद यांची नक्कल आधीं करून ठेवावी. एका तारखेनें एका कारागिराचें ऋण फिटतें. ती कापली गेली कीं तें कायमचें बुडतें.