पेशव्यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद

पेशव्यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद : मराठी राज्याच्या भट घराण्यातील पेशव्यांपैकी सर्वांत कर्तबगार कोण, याविषयी पुणे शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चर्चा. १७१३ ते १८१८ या काळात बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब, पहिला माधवराव, नारायणराव, रघुनाथराव, सवाई माधवराव आणि दुसरा बाजीराव हे पेशवेपदावर होते. वाद मुख्यतः पहिला बाजीराव (कारकीर्द १७२०–४०) आणि पहिला माधवराव (कारकीर्द १७६१–७२) या दोघांत रंगतो. नानासाहेबाचा (कारकीर्द १७४०–६१) पक्ष घेणारेही आहेत, पण थोडे. इतिहासकारांच्या ग्रंथांत, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांत, महाविद्यालयांच्या वादस्पर्धांत आणि पेठांतल्या घराघरांत हा वाद झडत आला आहे.

वादाची जडणघडण : या वादाला लेखी रूप प्रथम एका ब्रिटिश अधिकाऱ्याने दिले. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. माधवरावाचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपतच्या पराभवाइतकाच घातक ठरला, असे मत त्याने मांडले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक लेखकाला या मताची दखल घ्यावी लागली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र गद्य नाटकांत त्याची गणना होते. त्याच दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या बखरीची परखड चिकित्सा केली आणि आपला इतिहास आपल्या कागदपत्रांवरून लिहिला पाहिजे, हा आग्रह पुण्यात मूळ धरू लागला.

ती कागदपत्रे पुढे आणण्याचे काम वि. का. राजवाडे यांनी केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. तोवर बखरींवर आणि ऐकीव गोष्टींवर चाललेल्या वादाला पत्रे, हिशेब आणि सनदा यांचा आधार मिळाला. बाजीरावावर वि. गो. दिघे यांचा आणि माधवरावावर अनिलचंद्र बॅनर्जी यांचा स्वतंत्र ग्रंथ १९४० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाला. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा मराठी ग्रंथ लढाईच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये आला.

बाजीरावाचा पक्ष : वडिलांच्या निधनानंतर १७ एप्रिल १७२० रोजी छत्रपती शाहूंनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली, तेव्हा त्याचे वय २० वर्षेही पूर्ण नव्हते. दरबारात जुने, अनुभवी मुत्सद्दी असताना शाहूंनी हा निर्णय घेतला. पुढच्या २० वर्षांत माळवा, गुजरात आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल किंवा हक्क बसला. शिंदे, होळकर, पवार ही घराणी याच काळात वर आली. मार्च १७३७ मध्ये तो दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला. त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळजवळ त्याने निजामाला कोंडले आणि जानेवारी १७३८ च्या तहात माळव्यावरील हक्क मान्य करून घेतला.

त्याच्या युद्धकौशल्याचा नमुना म्हणून पालखेडची मोहीम (१७२७–२८) सांगितली जाते. निजाम कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन शाहूंच्या मुलखात शिरला आणि पुण्यावर चालून आला. बाजीरावाने पुणे वाचवायला धाव घेतली नाही. जालना, बऱ्हाणपूर असा निजामाचाच मुलूख तुडवीत तो गुजरातेत उतरला आणि तेथून औरंगाबादच्या रोखाने वळला. राजधानी धोक्यात आल्यामुळे निजामाला पुणे सोडून मागे फिरावे लागले. जड तोफा आणि बुणगे त्याच्या चालीत अडथळा ठरले, तर बाजीरावाचे स्वार वाटेत मिळेल ते खाऊन दौडत होते. वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात निजामाची फौज अशा जागी अडकली की तिला ना पाणी मिळेना, ना दाणावैरण. २८ फेब्रुवारी १७२८ हा या कोंडीचा दिवस मानतात. मोठी लढाई न होता निजाम तहाला आला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगाव येथे शाहूंचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क त्याने मान्य केले. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी याने युद्धशास्त्राच्या इतिहासात या मोहिमेचा गौरवाने उल्लेख केला आहे.

आक्षेप : बाजीरावाने निजामाला दोनदा कोंडीत धरले आणि दोन्ही वेळा तहावर सोडले. निजामाचे राज्य समूळ नष्ट करू नये, हे शाहूंचे धोरण होते आणि पेशवा शाहूंचा नोकर होता, हे त्यावरचे उत्तर. दुसरा आक्षेप कर्जाचा. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याने तो किती गांजला होता ते दिसते. फौज वाढत गेली, मुलूख वाढत गेला, पण वसुलीची घडी त्या वेगाने बसली नाही. तिसरा आक्षेप सरदारांना दिलेल्या मोकळिकीचा : ज्यांनी मुलूख जिंकला, त्यांच्याच हाती तो राहिला आणि पुढे तेच सरदार पुण्याला डोईजड झाले.

माधवरावाचा पक्ष : १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा नाश झाला. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारला आणि २० जुलैला १६ वर्षांच्या माधवरावाला पेशवाई मिळाली. खजिना रिकामा होता, उत्तरेतला दरारा गेला होता, निजाम आणि हैदर अली सरसावले होते आणि चुलता रघुनाथराव सत्तेत वाटा मागत होता. १७६२ मध्ये रघुनाथराव निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आला. घोडनदी व आळेगाव येथील लढायांनंतर घरातले भांडण राज्य बुडवील हे ओळखून माधवराव स्वतः चुलत्याच्या गोटात गेला आणि त्याच्या कैदेसारख्या देखरेखीत राहिला.

१७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीकाठच्या राक्षसभुवनाला त्याचा वचपा निघाला. नदीला पूर होता. निजाम अली पलीकडच्या तीरावर पोचला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेनिशी अलीकडे अडकला होता. लढाईत रघुनाथराव घेरला गेला, तेव्हा माधवरावाने धावून जाऊन त्याला सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. १८ वर्षांच्या पेशव्याच्या हाती कारभाराची सूत्रे खऱ्या अर्थाने आली ती या विजयानंतर. पुढे रघुनाथरावाने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा जून १७६८ मध्ये धोडपला त्याचा पाडाव करून माधवरावाने त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. हैदरवर वारंवार मोहिमा काढून कर्नाटकात वचक बसवला. १७६९ मध्ये उत्तरेत पाठवलेल्या रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी पानिपतानंतर गेलेली पत परत मिळवली. जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परतला.

माधवरावाच्या पक्षाचा खरा भर मात्र कारभारावर आहे. वेठबिगारीला त्याने घातलेला आळा, मामलेदारांच्या हिशेबांची कसून तपासणी, रयतेच्या तक्रारींची दखल आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांना दिलेला मान ही त्याची उदाहरणे. क्षयाने खंगलेल्या अवस्थेतही राज्यावरचे कर्ज फिटावे, ही त्याची तळमळ होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वयाच्या २८ व्या वर्षी त्याचा अंत झाला.

आक्षेप : माधवरावाचे यश बरेचसे गमावलेले परत मिळवण्याचे आहे, नवे क्षितिज उघडण्याचे नाही, असे बाजीरावाचे पक्षकार म्हणतात. हैदरचा कायमचा बंदोबस्त झाला नाही. रघुनाथरावाला त्याने कैदेत ठेवले, पण त्याच्या महत्त्वाकांक्षेवर तोड काढली नाही.

नानासाहेबाचे स्थान : आजच्या पुण्याला रूप देण्यात नानासाहेबाचा वाटा सर्वांत मोठा आहे. कात्रजहून आणलेले पाणी, पर्वतीचे देवालय, वाढलेल्या पेठा आणि सावकारी यांमुळे कसब्याभोवतीचे गाव राजकारणाचे केंद्र झाले. १७५८ मध्ये मराठे अटकेपर्यंत पोचले ते त्याच्याच काळात. तरीही १७५६ मध्ये इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवणे आणि पानिपतचा अनर्थ या दोन गोष्टी त्याच्या नावावर जमा होतात आणि वादात तो मागे पडतो.

निकषांचा प्रश्न : राज्यकर्त्यांची अशी तुलना इतरत्रही होते. अमेरिकेत १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने ५५ जाणकारांकडून राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी करून घेतली. लिंकन पहिला, वॉशिंग्टन दुसरा आणि फ्रँकलिन रूझवेल्ट तिसरा आला. सी-स्पॅन या वाहिनीने २००० पासून संकटातील नेतृत्व, आर्थिक व्यवस्थापन, नैतिक अधिकार, प्रशासन अशा दहा निकषांवर गुण देण्याची पद्धत सुरू केली. पेशव्यांना असे गुण दिले, तर युद्धनेतृत्वात बाजीराव आणि प्रशासन व संकटनिवारण यांत माधवराव पुढे राहील, यावर दोन्ही पक्षांचे फारसे दुमत होणार नाही. मतभेद उरतो तो कोणत्या निकषाला किती वजन द्यावे याचा.

आणखी एक अडचण पदाच्या स्वरूपाची आहे. बाजीराव साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान होता. डिसेंबर १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाले आणि १७५० च्या सांगोला करारानंतर राज्याची सूत्रे पुण्याकडे आली. माधवरावाला मिळालेले पेशवेपद प्रत्यक्षात राज्यकर्त्याचेच होते. नाव एक असले तरी ही दोन वेगळी कामे आहेत.

लोकमानसातील रूप : साहित्याने या वादात मोठी भर घातली. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने माधवराव घरोघरी पोचवला. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी आणि त्यानंतर २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट यांनी बाजीरावाचे प्रेमिक रूप ठसवले. या रूपाने त्याची लोकप्रियता वाढली, पण पालखेडचा सेनापती झाकोळला, अशी खंत अभ्यासक व्यक्त करतात. शनिवारवाड्यासमोर बाजीरावाचा अश्वारूढ पुतळा आहे. माधवरावाच्या स्मृतीसाठी लोक थेऊरला जातात, बाजीरावाची समाधी नर्मदाकाठी रावेरखेडीला आहे.

वादावरील टीका : तुलनेची चौकटच अपुरी आहे, असे सांगणारी परंपराही पुण्यातच जन्मली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि इतर लेखनातून पेशवाईतल्या जातिवर्चस्वावर प्रहार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनावरील भाषणलेखात पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्यांवर लादलेल्या अपमानकारक बंधनांचा उल्लेख केला. कोणता पेशवा थोर हे विचारताना कोणाच्या दृष्टीने थोर, हे सांगितलेच पाहिजे. वेठबिगार कमी करणाऱ्या माधवरावालाही हा प्रश्न चुकत नाही.

मूल्यमापन : सेनापती म्हणून बाजीराव अजोड ठरतो. राज्यकर्ता म्हणून माधवरावाचे पारडे जड आहे, कारण त्याने ११ वर्षांत, आजारपण आणि भाऊबंदकी सोसून, मोडलेले राज्य उभे केले. पण दोघांच्या मृत्यूनंतर काय घडले हे पाहिले, की वादाचा रोख व्यक्तींकडून व्यवस्थेकडे वळतो. १७४० मध्ये बाजीराव गेला तेव्हा पेशवाईसाठी बाबूजी नाईक बारामतीकरांसारखे स्पर्धक होते. शाहूंनी नानासाहेबाला वस्त्रे दिली आणि प्रश्न मिटला. १७७२ मध्ये माधवराव निपुत्रिक गेला तेव्हा पुण्यावर अशी वडीलधारी सत्ता उरली नव्हती. वर्षही पूर्ण होत नाही तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला दोषी धरले, पण तो निर्णय अमलात आणील असा धनी त्या वाड्यात नव्हता. रघुनाथराव पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध ओढवले. पेशव्याच्या वर कोणी उरले नाही आणि पेशव्यानंतर कोण, हे ठरवणारा नियम कोणी घातला नाही. पुण्याच्या राज्याची ही उणीव बाजीरावाच्या तलवारीने किंवा माधवरावाच्या सचोटीने भरून निघणारी नव्हती.