तापा : एका घासाची कुळकथा

स्पेन देशात मद्याच्या पेल्याबरोबर जो चार घासांचा खाद्यपदार्थ पुढे ठेवला जातो आणि ज्याला तेथील लोक तापा, अनेकवचनी तापास, म्हणतात, त्याच्या उत्पत्तीविषयी ज्या आख्यायिका सर्वांत अधिक सांगितल्या जातात त्यांचे नायक राजे आहेत. तेराव्या शतकात कॅस्टिलच्या गादीवर असलेला व विद्वान या बिरुदाने इतिहासात ओळखला जाणारा आल्फोन्सो दहावा हा दुखण्यातून उठत असताना वैद्यांच्या सल्ल्यावरून मद्याचे थोडे थोडे घोट आणि त्यांच्यामागून अन्नाचे लहान लहान घास घेत असे, आणि त्या पथ्याने गुण आल्यावर त्याने आपल्या मुलखातील कोणत्याही गुत्तेदाराने अन्नावाचून मद्य विकू नये असे फर्मान काढले, ही त्यांतली पहिली कथा. दुसरी कथा त्याच नावाच्या तेराव्या राजाची, म्हणजे पुष्कळच अलीकडची आहे. कादिझहून निघणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर 1780 पासून चालत आलेले व्हेंतोरिल्यो देल चातो नावाचे खाणावळीवजा मद्यगृह आहे. तेथे हा राजा शेरीचा पेला घेऊन बसला असता वाऱ्याने वाळू उडू लागली, तेव्हा एका प्रसंगावधानी सेवकाने हामोनचा, म्हणजे मीठ लावून वाळविलेल्या डुकराच्या मांडीचा, पातळ काप त्या पेल्यावर झाकणासारखा ठेवला. राजाने तो खाल्ला, पेला रिकामा केला, आणि दुसरा पेलाही तसाच झाकणासह आणावा अशी आज्ञा केली. स्पॅनिश भाषेत तापा म्हणजे झाकण, तेव्हा ही कथा सांगणाऱ्याला नावाची उपपत्ती आयतीच मिळते.

या कथा मला गोड वाटतात, परंतु ग्राह्य वाटत नाहीत. आल्फोन्सो दहावा हा लेखनाविषयी उदासीन असलेला राजा नव्हता. सिएते पार्तिदास हा सात भागांचा प्रचंड कायदेग्रंथ त्याच्या नावावर आहे, ग्रहगतींची जी कोष्टके युरोपातील ज्योतिर्विद पुढे कित्येक शतके वापरीत आले ती त्याच्याच आश्रयाने सिद्ध झाली, आणि अशा राजाच्या गुत्त्यांविषयीच्या फर्मानाचा अस्सल लेख मात्र कोणी पुढे ठेवीत नाही. शिवाय माद्रिदमधील जुन्या सरायांचा व्यवहार या कथेच्या नेमका उलट दिसतो. 1725 मध्ये स्थापन झालेल्या बोतीन या सुप्रसिद्ध खाणावळीविषयी असे सांगतात की, तिच्या आरंभीच्या काळात सरायवाल्याने मांस वा मद्य विकणे हे खाटकांच्या व मद्यविक्रेत्यांच्या हक्कावरील अतिक्रमण समजले जाई, म्हणून पांथस्थाने आपला शिधा आपणच आणावा आणि तेथील भट्टीत तो केवळ शिजवून घ्यावा असा शिरस्ता होता. ज्या व्यवस्थेत प्रत्येक धंद्याची हद्द अशी आखलेली होती, तीत मद्यविक्रेत्याने अन्न दिलेच पाहिजे असा राजहुकूम पाच शतके अव्याहत पाळला गेला असेल, हे मानणे कठीण आहे.

मद्यासोबत तहान वाढविणारे खारट पदार्थ खाण्याची सवय मात्र निःसंशय जुनी आहे, आणि तिचा उत्तम साक्षीदार सर्व्हान्तेस होय. 1615 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागातील चौपन्नाव्या प्रकरणात सांचोला वाटेत त्याचा जुना शेजारी रिकोते भेटतो. हा रिकोते मोरिस्को, म्हणजे मूर मुसलमानांच्या वंशातील ख्रिस्ती. 1609 पासून अशा लाखो लोकांना देशाबाहेर घालविण्यात आले, आणि तो यात्रेकरूंच्या टोळीबरोबर, त्यांच्याच वेषात लपत परत आलेला आहे. ही मंडळी हिरवळीवर बसतात आणि आपल्या पडशांतून ब्रेड, मीठ, अक्रोड, चीजचे तुकडे, चोखण्यापुरती उरलेली हामोनची हाडे, सुकलेली परंतु चविष्ट ऑलिव्ह फळे आणि माशांच्या अंड्यांचा एक काळा पदार्थ काढतात. हे सर्व दुरून तहानेला बोलावणारे जिन्नस आहेत, असे ग्रंथकार मोठ्या आनंदाने नमूद करतो, आणि त्यांच्यामागून चामड्याच्या सहा बुधल्या बाहेर येतात. त्या मेजवानीतील हामोनच्या हाडांकडे वाचकाने लक्ष द्यावे. डुकराचे मांस न खाणे हा इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, दप्तरी संशयास पुरेसा पुरावा होता, आणि त्यामुळे चारचौघांत ते खाणे ही एक प्रकारची सनद ठरत असे. आज सेव्हिलच्या मद्यगृहांत छताला ओळीने टांगलेल्या त्या मांड्या पाहून प्रवासी हर्षित होतात. मला मात्र त्या पाहताना रिकोतेची आठवण होते.

सवय जुनी असली तरी तिला तापा हे नाव व आजचे रूप केव्हा आले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात शोधावे लागते. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात हा अर्थ 1936 च्या आवृत्तीत दाखल झाला तोही आंदालुसियापुरता, आणि तेथे दिलेली व्याख्या किराणा-मद्याच्या दुकानांत व गुत्त्यांत पेल्यावर ठेवल्या जाणाऱ्या हामोनच्या वा सॉसेजच्या चकत्यांची आहे. याच प्रांतात हेरेझ, सानलूकार आणि एल पुएर्तो या तीन गावांच्या परिसरात शेरी तयार होते. तिच्या फिनो व मांझानिया या फिकट जातींच्या पिंपात मद्याच्या पृष्ठावर किण्वाचा पांढुरका पापुद्रा धरतो, त्याच्यामुळे मद्य हवेपासून सुरक्षित राहते. तो जगावा एवढ्या बेताने त्यात मद्यार्क मिसळून त्याचे प्रमाण सुमारे 15 टक्के राखतात. नेहमीच्या जेवणातील मद्याहून हे प्रमाण चढे असल्यामुळे, आणि त्या मुलखातील उन्हाळा सर्वश्रुत असल्यामुळे, रिकाम्या पोटी दोन पेले घेणारा गिऱ्हाईक तिसऱ्यासाठी उभा राहण्याच्या स्थितीत असेलच असे नाही. त्याला उभा ठेवणे हे दुकानदाराच्या हिताचे होते, आणि खारट घासाने त्याला पुन्हा तहान लागणे हेही त्याच्याच हिताचे होते. पेल्याच्या गोड वासावर घोंगावणाऱ्या चिलटांपासून मद्य झाकण्यासाठी प्रथम बशी वा ब्रेडचा तुकडा आणि मग त्यावर काहीतरी ठेवण्याची युक्ती निघाली, ही उपपत्ती मला राजकथांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. परंतु चिलटांपेक्षाही त्या दुकानांची रचना मला महत्त्वाची वाटते.

कादिझ व सेव्हिल येथील ही दुकाने पुष्कळ अंशी उत्तरेकडील कांताब्रियाच्या डोंगराळ भागातून आलेल्या, आणि म्हणूनच मोंतान्येस म्हणविल्या जाणाऱ्या, कष्टाळू वाण्यांच्या हाती होती. मुंबईच्या नाक्यानाक्यावर यझ्दकडून आलेल्या इराण्यांनी ज्याप्रमाणे चहाची टेबले आणि साबण-बिस्किटांची कपाटे एका छताखाली आणली, त्याचप्रमाणे या डोंगरी वाण्यांच्या फळीवर एका टोकाला डाळी, खारवलेला मासा, हामोन व चीज तोलून विकले जाई आणि दुसऱ्या टोकाला पिंपातून पेला भरून मिळे. जेथे सुरी, हामोन आणि पिंप ही तिन्ही एकाच माणसाच्या हाताशी आहेत, तेथे एक काप पेल्यावर येऊन पडण्यास कोणत्याही राजाची आवश्यकता नव्हती. 1670 पासून चालू असल्याचे सांगितले जाणारे सेव्हिलचे एल रिंकोन्सियो हे मद्यगृह अद्यापि किराण्याच्या कपाटांचे ते जुने रूप जपून आहे, आणि तेथे गिऱ्हाइकाचा हिशेब आजही लाकडी फळीवर खडूने मांडतात.

या रिवाजाला पुढे देशभर जो विस्तार लाभला त्याला कालमानाचाही हातभार लागला. 1940 च्या मार्च महिन्यात हुकूमशहा फ्रान्कोच्या सरकारने देशातील घड्याळे एक तास पुढे नेली. ग्रीनिचच्या रेषेवर वसलेला हा देश तेव्हापासून मध्य युरोपाच्या वेळेने चालतो, म्हणून दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊ-दहाला होते. मधल्या प्रदीर्घ अवकाशात माणसाला काहीतरी आधार हवा असतो. घरे लहान, उन्हाळा मोठा, आणि मित्रांना घरी बोलाविण्यापेक्षा रस्त्यावर भेटण्याची प्रवृत्ती, या तीन गोष्टी त्यात मिळविल्या म्हणजे संध्याकाळी एका मद्यगृहातून दुसऱ्यात जात जात थोडे थोडे खाण्याचा जो क्रम तेथे तापेओ या नावाने रूढ आहे, त्याची कारणमीमांसा पुरी होते.

प्रत्येक शहराने या क्रमाला आपापले वळण दिले आहे. ग्रानादात पेला मागविला की तापा विनामूल्य येतो, आणि प्रत्येक पेल्यामागे तो बदलतो. काय द्यावयाचे हे दुकानदार ठरवितो. लेओनमध्येही हा जुना दिलदारपणा टिकून आहे. लोग्रोन्यो येथील लाउरेल नावाच्या अरुंद गल्लीत मद्यगृहांना लागून मद्यगृहे आहेत, आणि त्यांतील कित्येकांची कीर्ती एकाच पदार्थावर उभी आहे. एके ठिकाणी तव्यावर भाजलेल्या अळंब्या ब्रेडवर रचून वर एक कोळंबी खोचून देतात, आणि त्या दुकानात दुसरे काही मागण्याचे कारण पडत नाही. माद्रिदमध्ये 1860 साली निघालेल्या कासा लाब्रात कॉड माशाचे खरपूस तळलेले तुकडे मिळतात. याच घरात 1879 च्या मे महिन्याच्या 2 तारखेला पाब्लो इग्लेसियास व त्याच्या सहकाऱ्यांनी स्पेनचा समाजवादी पक्ष गुप्तपणे स्थापन केला. फळीपाशी दाटीने उभी असलेली माणसे काय बोलत आहेत, हे पोलिसांना कळणे सोपे नसते.

उत्तरेकडील बास्क प्रांतात हा पदार्थ काडीला टोचून येतो व पिंचो हे नाव घेतो. सान सेबास्तियान येथील कासा व्हालेस या मद्यगृहात ऑलिव्ह, खारवलेली अँचोव्ही आणि शिरक्यात मुरविलेल्या हिरव्या लांबट मिरच्या एका काडीत ओवण्याची कल्पना निघाली, आणि 1946 च्या 'गिल्डा' या चित्रपटातील रिटा हेवर्थच्या भूमिकेवरून त्या काडीला गिल्डा हे नाव पडले. खारट, आंबट, तिखट यांचा एवढा नेमका मेळ एवढ्या थोड्या सामग्रीत साधलेला मला अन्यत्र ठाऊक नाही. ती मिरची अमेरिकेतून आली, माद्रिदच्या तिखट रश्शातील बटाटाही तेथूनच आला, आणि ज्या महासागरी व्यापाराने त्यांना आयबेरियाच्या किनाऱ्यावर उतरविले त्याच व्यापाराच्या पोर्तुगीज शाखेने त्यांना गोव्याच्या बंदरात आणले. त्याचमुळे मराठी माणसाला या मद्यगृहांतील पुष्कळसे पदार्थ परके वाटत नाहीत. आपल्याकडील चाखणा मात्र त्यांचा वंशज नव्हे. तो त्याच गरजेतून स्वतंत्रपणे जन्मला.

देशाबाहेर तापासचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला. 1985 मध्ये पेनेलोपी कासास या लेखिकेने याच विषयावर इंग्रजीत एक पाककृतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, 1993 मध्ये वॉशिंग्टन येथे होसे आन्द्रेस याच्या हाताखाली हालेओ हे उपाहारगृह सुरू झाले, आणि त्यानंतर लंडन, न्यू यॉर्क यांसारख्या महानगरांतून लहान बश्यांची ही पद्धती सर्वत्र पसरली. स्वयंपाक तेथे उत्तम होतो, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु तेथे पाहुण्याला खुर्चीवर बसवितात, दहा बश्या एकाच टेबलावर मांडतात, आणि तीन तासांनी मोठे बिल आणून देतात. त्यामुळे पदार्थ परदेशी पोहोचला आणि रिवाज मागे राहिला, असेच म्हणावे लागते. तापाचा प्राण बशीच्या लहानपणात नसून चालण्यात आहे: या दारात एक घास, त्या दारात दुसरा, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर तिसरा, आणि कोणत्याही एका घरी पोटभर न जेवण्याचा अलिखित संकेत.

म्हणून स्पेनला जाणाऱ्या मराठी वाचकाला माझी आग्रहाची विनंती एवढीच आहे की, त्याने रात्री आठच्या सुमारास बाहेर पडावे, टेबल धरून बसू नये, फळीपाशी उभे राहावे, शेजारचा स्थानिक मनुष्य जे खात असेल त्याकडे बोट दाखवून तेच एक मागावे (मांस वर्ज्य असल्यास बटाट्याचा तोर्तिया, चीज आणि ऑलिव्ह बहुधा मिळतात), ते संपले की पैसे चुकते करावे, आणि पुढच्या दाराकडे चालू लागावे.